मारल्याशिवाय आत न्हाय

सन दोन हजार वीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. शिक्षण दुसरी पास. तिसरीत आठ दिवस बसलो, पण मास्तरांचं आणि माझं जमलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण शिकलेली माणसं लिहायला बसली की नावाआधी डिग्री लावतात. माझी डिग्री म्हणजे निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीतली तेहतीस वर्षांची मुकादमकी. तंबाखू निवडायला माझ्या हाताखाली चाळीस बायका असायच्या, आणि मी नुसता खाकरलो तरी त्या गप्प व्हायच्या. आता घरात खाकरलो की सून काढा करून आणते. त्या वर्षी तर तेवढीही सोय राहिली नव्हती. खाकरलं की गल्लीतल्या खिडक्या लागायच्या.

घरात आम्ही चौघं. मी, आमची मंडळी, सून आणि पाच वर्षांची नात. पाचवा माझा मुलगा, तो हद्दीपलीकडे अडकलेला. कागलच्या बाजूला एका कारखान्यात कामाला. आमच्या दारापासून मोटरसायकलवर अर्ध्या तासाची वाट, पण मधे राज्याची हद्द आणि हद्दीवर नाका. एरवी त्या हद्दीचं आम्हाला काही वाटत नसे. साठ-पासष्ट वर्षं मोठी मोठी माणसं तिच्यावरून भांडतायत आणि आम्ही तिच्यावरून रोज जेवणाचा डबा घेऊन जा-ये करतोय. भांडून जे कुणाला जमलं नाही ते एका रोगाने एका दिवसात केलं. मुलगा सकाळच्या पाळीला गेलता, संध्याकाळी नाका बंद. कारखान्याने तिकडेच एका खोलीत सात जणांची सोय केली. तिकडून सुटायला एक पास, इकडे शिरायला दुसरा, आणि दोन्ही एकाच दिवशी हातात पडतील तर शपथ.

पहिले पंधरा दिवस नात मजेत होती. तिने उंबऱ्यावर लाटणं आडवं धरून नाका काढला. आजीला स्वयंपाकघरात जायला पास, आईला परसात जायला पास. मला मोरीकडे जाताना अडवलं.

"कुठनं आलासा?"

"पलंगावरनं."

"चौदा दिवस थांबा."

मला चौदा मिनिटं दम निघत नव्हता. तेव्हा सगळे हसलो. मग एक दिवस तिने लाटणं नेऊन जागेवर ठेवलं आणि खेळायचंच सोडलं. खिडकीचा गज धरून बसायची, अंगठा तोंडात. बाहुलीकडे बघायची नाही, दोन घासांवर ताट सरकवायची. पाच वर्षांचं पोर खेळत नाही म्हणजे गाय रवंथ करत नाही तसलं. आत काहीतरी बिघडलेलं असतं. सुनेने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, औषध काही नाही, तिला खेळवा. त्या दिवसापासून पोरीला खेळवणं हे घराचं काम झालं, आणि एकदा काम झालं म्हटल्यावर मुकादम कोण हा प्रश्न आलाच.

आधी मुकादम झाला मोबाईल. जूनमध्ये शाळा फोनमध्ये भरली. बालवर्गाच्या बाईंचा आवाज यायचा, कानडीत. "मन्याग आटा आडस्री," म्हणजे घरातच खेळ खेळवा. आमच्या मंडळींचं माहेर गडहिंग्लजकडचं. पन्नास वर्षं निपाणीत काढून तिने कानडी तेवढं टाळलंय. तिने 'आटा' ऐकलं आणि शाळेतून गव्हाचं पीठ मिळणार म्हणून मोठा डबा घासून उन्हात ठेवला. मी सांगितलं की आटा म्हणजे खेळ. ती म्हणाली, "मग पीठ कवा देणार हाईत?"

पुढं रोज एक ऍक्टिव्हिटी यायची. घरातल्या मोठ्यांनी मुलांच्या खेळात साथ द्यावी, आनंदाने सहभागी व्हावं, आणि त्याचा फोटो पाठवावा. मुलाचा चेहरा हसरा असावा. एके दिवशी उशांचा डोंगर करून पोराला चढवायचं होतं. आमच्या उशा कापसाच्या, चाळीस वर्षं डोक्याखाली दबून त्यांच्या भाकऱ्या झालेल्या. त्यांचा डोंगर होईना. मग सुनेने उशांखाली तांदळाचं पोतं लावलं. एके दिवशी आजोबांनी घोडा व्हायचं होतं. मी झालो. नात पाठीवर बसली, पोत्यासारखी. सून म्हणाली, "मामा, जरा हसा की."

"घोडा हसत न्हाय," मी म्हणालो.

तीनदा फोटो काढला. तिसऱ्यात मंडळींनी मागून नातीला गुदगुल्या केल्या तेव्हा कुठं दात दिसले. फोटो गेला, बाईंचा अंगठा आला. आमच्या काळी अडाण्याला अंगठेबहाद्दर म्हणायचे. मी कधी अंगठा दिला नाही, वाकडीतिकडी का होईना, सही करतो. आता शिकलेली माणसं एकमेकांना सारखे अंगठेच देतात. गल्लीतल्या दुसऱ्या एका घरात तर वाळू आणून, डबकं करून, त्यात कागदाची होडी सोडून फोटो पाठवला म्हणे. त्यांना अंगठ्याबरोबर टाळ्याही आल्या. सुनेला दिवसभर ते लागून राहिलं. फोटो निघाला की नात गप उतरायची आणि परत खिडकीत. खेळत आम्हीच होतो. ती नुसती सोबत बसायची.

मग बाईंनी सांगितलं, आज आजी-आजोबांच्या लहानपणचा खेळ. मी म्हटलं, आता बघा. सुनेच्या हातून फोन काढून फळीवर ठेवला आणि खडू मागवला. सोप्यात फरशीवर पाच उभी, पाच आडवी घरं आखली, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधल्या घरात फुल्या मारल्या. चौकाबारा. चार चिंचोके पायरीवर घासून एका बाजूने पांढरे केले. हे फासे. उताणे पडतील तितकं दान, चार उताणे म्हणजे चौका, सगळे पालथे म्हणजे आठ. बाहेरच्या घरांतून एक फेरी पुरी करायची, मग आतल्या घरांत शिरायचं, आणि मधल्या फुलीत सोंगटी पोचली की ती पिकली. वाटेत दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली जाऊन पडली की ती मेली, फुलीत बसलेली असेल तर मात्र नाही.

माझ्या सोंगट्या सुपारीची खांडं. मंडळींच्या बांगडीच्या काचा. सुनेने शेंगदाणे घेतले, आणि मंडळी लगेच म्हणाली, "मेल्याला मी खाणार." नात खिडकीतून बघत होती. तिने अंगठा तोंडातून काढला, बटणांच्या डबीतून बापाच्या सदऱ्याची दोन पांढरी बटणं शोधून आणली आणि माझ्याशेजारी मांडी घालून बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सुनेने माझ्याकडे बघितलं. मी मान ताठ केली, कारण मोबाईलला महिन्यात जमलं नव्हतं ते मी एका खडूत केलं होतं.

पाऊण तास चांगला गेला. पोरगी चिंचोके दोन्ही हातांत खुळखुळवायची, फेकायची, बोटाने घरं मोजायची. एकदा चौका पडला तर मोठ्याने हसली. मग तिला तीन पडले. तीन घरांपुढे तिच्या आईचा एक शेंगदाणा उभा होता.

"मार," मी म्हणालो.

"कुणाला?"

"आईच्या सोंगटीला. ती मेली की तुला आत जायची वाट मोकळी. मारल्याशिवाय आत न्हाय."

तिने बटण उचललं, मोजत नेलं आणि शेंगदाण्याशेजारी अलगद ठेवलं. "दोघी राहतील हितं. जागा लई हाय."

"तसं चालत न्हाय. एका घरात दोन परक्या राहत न्हाईत."

"मला न्हाय मारायचं. मेली म्हणू नको, आज्जा."

ही सोंगट्यांची भाषा आहे. सोंगटी मरते, परत जन्मते, त्यात काही नसतं. पण त्या दिवसांत टीव्ही सकाळपासून किती मेले तेच मोजायचा, आणि मागच्या आठवड्यात गल्लीच्या टोकाची म्हातारी गाडीतून गेली ती परत आली नव्हती. पोरापुढे बोलायचं नाही म्हणून आम्ही सगळे कुजबुजत होतो, आणि कुजबुजलेलं पोराला जास्त ऐकू येतं.

सून म्हणाली, "मामा, आमच्या म्हायेरी उचगावला असं न्हाय. मारा न्हाय तर मारू नका, एक फेरी झाली की आत."

"उचगावला असंल. ही निपाणी हाय. हितं निपाणीचा कायदा."

"खेळाला कसला जिल्हा आन कसला तालुका? पोरीला खेळवायला बसलोय न्हवं आपण?"

"खेळवायचं म्हणून खोटं खेळवायचं? मला माझ्या आईनं शिकवलंय हे."

"मलाबी माझ्या आईनंच शिकवलंय."

"अवो," मंडळी मधे पडली, "मुकादमकी वखारीत ठिवून आलासा न्हवं? का बांधून आणलीया बरोबर?"

मी ऐकलं नाही. ज्या भागात हद्दीचा निकाल साठ वर्षांत लागला नाही तिथं आमच्या फरशीवरचा अर्ध्या तासात लागेल असं सुनेला का वाटलं, कुणास ठाऊक. मी बटण उचलून मागच्या घरात ठेवलं आणि म्हणालो, मारायचं नसेल तर बाहेरनं फिर.

नात भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं. ती फिरली. एक फेरी झाली, दुसरी झाली. दान पडेल तितकी घरं मोजायची, कुणी वाटेत असलं की त्याच्या मागे थांबायची, आणि आतल्या घरांच्या कडेकडेने बटण सरकवत राहायची. मी मंडळींची काच दोनदा मारली, आत शिरलो, माझ्या दोन सोंगट्या पिकल्या. खेळ नियमाने झाला. फोटो मात्र कुणी काढला नाही.

पाच वाजता मुलाचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. नातीने फोन दोन्ही हातांत धरला आणि पहिल्यांदाच 'कवा येणार' हे विचारलं नाही.

"पप्पा, तू कुणाला मारलंस का?"

"मी? न्हाय गं. का?"

"म्हणूनच तुला आत सोडत न्हाईत. मारल्याशिवाय आत न्हाय." मग तिने आवाज बारीक केला. "एक मुंगी मार. मुंगी चालंल बहुतेक. थांब, आज्जाला विचारते."

आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगेन ते खरं, असं बघणारं त्या घरात एवढं एकच माणूस उरलं होतं. मी त्या वेळी काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहायला बसलोय तर लिहितो. मी म्हणालो, "मुंगी सोंगटी न्हाय."

पलीकडून मुलगा म्हणाला, "अण्णा, काय शिकवलंय तिला?"

"चौकाबारा."

"तिला वाटतंय मी कुणाला मारलं न्हाय म्हणून बाहेर हाय."

"नियम हाय तो. तुझ्या आज्जीचा."

"बरं," तो म्हणाला. आमच्या घरात 'बरं' हा शिवीच्या वरचा शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी नात परत खिडकीत. फरशीवर डाव आखलेला तसाच होता, ती त्याला वळसा घालून जायची. दूधभात कालवून दिला तो तसाच राहिला. सून माझ्याशी बोलायची, पण भांड्यांमधून. कप जरा जोरात ठेवायचा, झाकण जरा लांबून टाकायचं. मंडळी म्हणाली, "पोरीला एकदा आत जाऊ दिलं असतं तर तुमच्या नावाची पाटी पडली असती व्हय?" माझ्या नावाची पाटी कुठंही नाही, तेव्हा ती पडायचा प्रश्न नव्हता. पण नियमाचा प्रश्न होता. मला साक्षीदार पाहिजे होता.

माझी थोरली बहीण बेळगावात खासबागेत असते. त्या वर्षी एकोणऐंशीची. डोळ्यांनी अधू, पण डोकं सुईसारखं. दुपारी मी तिला फोन लावला आणि मुद्दाम स्पीकर सुरू केला, सुनेला ऐकू जावं म्हणून.

"आक्का, चौकाबाऱ्यात मारल्याशिवाय आत न्हाय, असंच हुतं न्हवं आईचं?"

फोन खरखरला. मला वाटलं रेंज गेली. आक्का हसत होती.

"आरं येड्या, तू अजून तसाच खेळतोयस?"

"म्हंजे?"

"तो नियम आईनं तुझ्यासाठी काढल्याला. गल्लीत देवी आलत्या. पोरं मरत हुती. तुला घरात कोंडून ठिवायचं हुतं आन तू सहा वर्साचा, डाव संपला की दार उघडून पळायचास. आई म्हणली, ह्याचा डाव लांबवाय पायजे. मग तिनं सांगितलं, मारल्याबिगर आत न्हाय. आन आम्हा दोघी बहिणींना बजावलं, ह्याच्या वाटंत सोंगटी ठिवू नगासा. दिसभर भाईरनं फिरत बसायचास. आईच्या भाकऱ्या थापून व्हायच्या, चूल इझायची, तू आपला फिरतोयसच."

"आन तुम्ही दोघी?"

"आम्ही जात हुतो की आत. तुला कुठं ध्यान हुतं?"

मी म्हणालो, "मग देवी गेल्यावर नियम काढला का न्हाय?"

"आई लई म्हणली, आता सोड. तू सोडू दिलास व्हय? म्हणलास, नियम म्हंजे नियम."

मी स्पीकर बंद करायला गेलो, पण ते बटण मला सापडेना. नातीने येऊन बंद केलं.

पासष्ट वर्षं ज्याला मी निपाणीचा कायदा म्हणत होतो, ती एका बाईने आपलं पोर घरात राहावं म्हणून मारलेली थाप होती. वखारीत जेवणाच्या सुट्टीत ह्याच नियमावरून मी दोघा हमालांशी बोलणं सोडलं होतं. लग्नात मानपानावरून लोक रुसतात, त्यांना मी हसायचो. आईने मला बाहेर फिरवत ठेवलं ते मी जगावं म्हणून. मी नातीला फिरवत ठेवलं ते कशासाठी, ह्याचं उत्तर शोधत सबंध दुपार पलंगावर पडलो होतो. मिळालं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

सुनेने सगळं ऐकलं होतं. ती काही बोलली नाही, हे तिचं मोठेपण. का माझी शिक्षा, ते तिलाच विचारावं लागेल. संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "भाजी बरी झालीया." तिने ताबडतोब माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मंडळी म्हणाली, "तोंडाची चव गेलीया का बघ आधी. तसंच सुरू हुतंय म्हणं." चव गेली नव्हती. पुढचं वाक्य तोंडातून निघत नव्हतं, एवढंच. मी तसाच हात धुऊन उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी उठलो. फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि डाव नव्याने आखला. नात डोळे चोळत आली आणि दाराशीच थांबली.

"ये, बस," मी म्हणालो. "नियम बदललाय."

त्या दिवसांत सरकार रोज एक नियम करायचं आणि रोज एक मोडायचं. लहान पोरालाही त्याची सवय झाली होती. ती म्हणाली, "सरकारनं?"

मला सोप्पी वाट होती. हो म्हटलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं.

"न्हाय. मीच चुकीचा सांगितलावता."

"मग पप्पा?"

"पप्पानं कुणालाबी मारायचं न्हाय. मुंगीलाबी न्हाय. त्याचा एक कागद यायचा हाय, तो आला की येईल."

"कवा?"

"ते मला ठाऊक न्हाय," मी म्हणालो.

तिने मग डबी उपडी करून बटणं काढली, ह्या वेळी चार. आतून सून हात पुसत आली, मूठभर शेंगदाणे घेऊन, मागोमाग मंडळी.

"आता कुठला कायदा, मामा?"

"तुमच्या उचगावचा," मी म्हणालो. "सांग, मी ऐकतो."

तिने सांगितलं. एक फेरी झाली की आत. फुली नसली तरी एका घरात दोघी राहिल्या तर राहू द्यायच्या. आणि पहिलं दान घरातल्या सगळ्यात लहानाचं. ह्यातला शेवटचा नियम उचगावचा नसावा, तो तिने तिथंच उभ्या उभ्या काढला होता. मी चिंचोके नातीच्या ओंजळीत दिले आणि तिला हात लांबवून फेकता यावं म्हणून मागे सरून बसलो.